सबसिडी मिळेल, पण कधी? योजनेच्या भरवशावर धंदा काढण्याआधीचा हिशोब



कोपरीच्या बॅचमध्ये एक ताई होत्या. शिवण उत्तम, स्टेशनजवळच्या दुकानांत ओळखी चांगल्या. पण धंदा सुरू नव्हता. कारण विचारलं तर म्हणाल्या, "सर, फाईल टाकलीय. सबसिडी आली की मशीन घेते." फाईल टाकून आठ महिने झाले होते, आणि त्यात युनिफॉर्मचा जूनचा सीझन हातचा गेला.

सबसिडी आधी येते हा गैरसमज आपल्यापैकी खूप जणांचा आहे. तो आज काढून टाकू.

आधी बघू, आधार कुठे तोकडा पडतो

महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला, देशात सगळ्यात आधी. पण ती हमी ग्रामीण भागासाठी. कोपरी ठाणे महापालिकेत येते, म्हणजे इथल्या बेरोजगाराला "काम द्या" असा हक्क सांगता येत नाही.

नोकरी गेली तर? ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना 2018 साली आली. तिच्यात सरासरी रोजच्या कमाईच्या 50 टक्के रक्कम, जास्तीत जास्त 90 दिवस, तीही आयुष्यात एकदाच. आणि ज्याचा ईएसआय कधी कापलाच गेला नाही, त्याला काहीच नाही.

2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी पासला महिना 6,000, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला 8,000, पदवीधराला 10,000 रुपये. अनुभव मिळतो, पण मुदत संपली की नोकरीची हमी नाही.

म्हणून बरेच जण स्वयंरोजगाराकडे वळतात. तिथलं मोठं नाव म्हणजे पीएमईजीपी.

पीएमईजीपीचं गणित

शहरी भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्प खर्चाच्या 15 टक्के सबसिडी, स्वतःचे 10 टक्के. महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी वगैरे विशेष गटाला 25 टक्के सबसिडी आणि स्वतःचे 5 टक्के.

आपल्या ताईंचा प्रकल्प 4 लाखांचा धरू:

- स्वतःचे: 20,000
- बँकेचं कर्ज: 3,80,000
- सबसिडी: 1,00,000

आता नीट वाचा. हे एक लाख ताईंच्या हातात येत नाहीत. कर्जाचा पहिला हप्ता उचलल्यावर बँक सबसिडीचा दावा करते. पैसे आले की ते बँकेतच तीन वर्षं अडकून राहतात. युनिट चालू आहे याची खात्री झाली की मगच ते कर्जात वळते होतात. तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही हा फायदा खरा, पण दुकानात माल भरायला त्यातला एक रुपयाही मिळत नाही.

दुसरी गोष्ट, जमिनीची किंमत प्रकल्प खर्चात धरत नाहीत. आणि आपल्याकडे सगळ्यात जड काय असतं? जागाच! गाळ्याचं डिपॉझिट आपल्याच खिशातून जाणार असं धरूनच चाला.

सबसिडी शून्य धरून हिशोब करा

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे स्वतःचे घाला. 3,80,000 रुपये, 11 टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता साधारण 8,250.

- भाडं: 12,000
- हप्ता: 8,250
- मदतनीस: 10,000
- लाईट बिल व किरकोळ: 1,750
- एकूण: 32,000

एका नगामागे कापड-दोरा जाऊन 80 रुपये सुटत असतील, तर महिन्याला 400 नग शिवले की खर्च निघतो. ताईंची स्वतःची मजुरी अजून त्यात धरलेलीच नाही! जूनमध्ये 400 नग होतील. पण ऑक्टोबरमध्ये? या प्रश्नाला उत्तर नसेल तर सबसिडी मिळूनही धंदा अडकेल. उत्तर असेल तर सबसिडी म्हणजे बोनस.

मग करायचं काय?

1. फाईल टाकण्याआधी गिऱ्हाईक शोधा. सॅम्पल दाखवा, दर ठरवा, कोण किती माल घेईल ते वहीत लिहा. बँकेत बोलताना हीच वही कामाला येते.
2. मंजुरीआधी मशीन घेऊन युनिट थाटू नका. पीएमईजीपीचं पहिलं कर्ज नव्या युनिटलाच आहे.
3. धंदा आधीच चालू असेल तर मुद्रा कर्ज बघा. शिशु गटात 50,000 पर्यंत, किशोर गटात 5 लाखांपर्यंत. मुद्रामध्ये सबसिडी नाही, हे लक्षात ठेवा.
4. डिपॉझिट आणि तीन महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. तेवढे जमत नसतील तर प्रकल्प लहान करा, चारऐवजी दोन मशीन.
5. वाट बघायलाही तारीख ठरवा. "अमुक महिन्यापर्यंत मंजुरी नाही आली, तर स्वतःच्या पैशाने लहान सुरू करणार." तसं केलंत तर वरची सबसिडी हातची जाईल, हे माहीत असू द्या. पण गेलेल्या सीझनची किंमतही मांडून बघा.

योजना घेऊ नका असं मी म्हणत नाही. हक्काची आहे, जरूर घ्या. फक्त नियम बदलत असतात, म्हणून अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन ताजे नियम विचारा. एजंटला पैसे देऊ नका, अर्ज ऑनलाईन आणि मोफत आहे.

आजचा गृहपाठ: वहीचं एक पान घ्या. वर लिहा "सबसिडी = 0". खाली महिन्याचा खर्च, एका नगामागे सुटणारे पैसे, आणि किती नग विकावे लागतील ते काढा. ते पान खरं निघालं, की मगच फाईल उघडा.

भेटू पुढच्या धड्यात!