प्लेगच्या दिवसांतील कथा

मृत्यू दाराशी आला असता माणसे गोष्टी का सांगतात? आणि त्या सांगण्याचा मान कोणाला मिळतो? या प्रश्नांचा विचार करताना बोकॅचिओचा ‘डेकॅमेरॉन’ आणि आपल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हे दोन ग्रंथ शेजारी ठेवून पाहावेत, असे मला वाटते.

इ. स. १३४८ मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात प्लेगने थैमान घातले. काखेत वा जांघेत गाठ येई आणि बहुधा तीन दिवसांत माणूस दगावे. भाऊ भावाला टाकून गेला, आईबाप मुलांजवळ जाईनात, असे बोकॅचिओ लिहितो. अशा वेळी सात तरुणी व तीन तरुण शहर सोडून खेड्याकडील वाड्यात जातात. रोज प्रत्येकाने एक, याप्रमाणे दहा दिवसांत शंभर गोष्टी होतात. बाहेरची वाईट बातमी आत आणू नये, अशी नोकरांना ताकीद असते.

हे नोकरही सात आहेत. सहाव्या दिवशी लिसिस्का ही मोलकरीण स्वयंपाकघरात तावातावाने भांडते. नवऱ्यांना फसविणाऱ्या बायकांविषयी ती जे बोलते, त्यावरूनच सातव्या दिवसाचा विषय ठरतो. परंतु तिला स्वतःला गप्प बसविले जाते. शंभरांपैकी एकही गोष्ट नोकराच्या तोंडून येत नाही.

आपल्याकडे १८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाला व पुढे तो गावोगाव पसरला. माणसे गाव सोडून रानात खोपटी घालून राहिली. त्यांना वाडा नव्हता, नोकर नव्हते. पुण्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाच लागण झाली व १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. लक्ष्मीबाईंनीही नगरला प्लेगच्या छावणीत राहून शुश्रूषा केली. शाळेत न गेलेल्या या बाईने ते दिवस साध्या, हसऱ्या भाषेत लिहिले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध झाले. बोकॅचिओचे तरुण साथ विसरण्यासाठी बोलतात, तर लक्ष्मीबाई छावणीतील माणसांविषयीच बोलतात. दुःख विसरण्याचीही माणसाला गरज असते, म्हणून मी पहिल्यांना दोष देत नाही. पण शुश्रूषा करणाऱ्या बाईनेच हातात लेखणी घेतल्यामुळे ती माणसे आपल्याला भेटतात.

रानातल्या खोपटांतही रात्री गोष्टी झाल्याच असतील. त्या कोणी लिहिल्या नाहीत. २०२० साली कोरोना आला, तेव्हा धावड्यासारख्या गावांत मुंबई-पुण्याहून परतलेल्या कित्येकांना आपल्याच घरात न जाता शेतात वा शाळेत दिवस काढावे लागले. त्यांना दुरून भाकरी पोचविणाऱ्या आया-आज्या अजून आपल्यात आहेत. बहुतेकींना लिहिता येत नाही, आपल्याला येते. सुट्टीत घरी जाल तेव्हा वही घेऊन त्यांच्याजवळ बसा.