भरवेलीची धूळ, रंगाचा थिनर आणि मेंदू

मच्छीमार बांधवांनो, आपल्या बालाघाटात एक भाऊ वैनगंगेत जाळं टाकतो, दुसरा भरवेलीच्या मँगनीज खाणीत जातो. ही बारीक धूळ वर्षानुवर्षं श्वासातून गेली तर मेंदूतल्या हालचाल सांभाळणाऱ्या भागात साठते. ग्लासगोच्या कूपर यांनी १८३७ मध्येच मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हे नोंदवलं होतं. आधी चिडचिड, झोपमोड, विनाकारण हसू-रडू. मग बोलणं पुटपुटल्यासारखं, मागे पाऊल टाकताना तोल जातो. लोक म्हणतात, प्यायलाय! दिसतं कंपवातासारखं, पण त्याच्या गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. डॉक्टरांना कामाचं आधी सांगा.

नाव रंगवताना थिनरचंही तेच. बंद जागेत रोज वास घेतला की काही वर्षांनी विसरायला होतं, लक्ष लागत नाही. रंगकाम उघड्यावरच करा.