वागण्यामागचे कारण

वर्गात एखादे मूल उत्तर देत नाही, सारखे बाहेर जायला मागते, शेजाऱ्याच्या खोड्या काढते. आपण चटकन म्हणतो, "आळशी आहे", "खोडकर आहे". असा शिक्का मारला की कारण शोधायचे राहून जाते.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले शाळेत टिकत नसत. "यांना शिकायचेच नाही" असे म्हणणे सोपे होते. या दोघींनी मुलांचा दिवस कसा जातो ते पाहिले. कोणी गुरे राखत होते, कोणी धाकटे भावंड सांभाळत होते. मग गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली; ती विकासवाडी. धाकटे पाळणाघरात राहिले की थोरल्याला वर्गात बसता येई.

आपल्या वर्गासाठी यातून तीन प्रश्न घेता येतात: आधी काय घडले? मुलाने नेमके काय केले? त्यातून त्याला काय मिळाले?

समजा, गणिताच्या तासाला फळ्यापाशी जायची पाळी आली की एक छात्र शेजाऱ्याला चिमटा काढतो. त्याला वर्गाबाहेर उभे केले जाते. म्हणजे फळा टळला! शिक्षा त्याच्या सोयीची ठरली. उद्या तो पुन्हा तेच करील. त्याऐवजी त्याला शेजाऱ्याची माफी मागायला लावावी, वर्गातच ठेवावे, एक सोपे गणित वहीत सोडवून घ्यावे आणि मग फळ्यापाशी बोलवावे. कारण समजून घेतले म्हणून शिस्त सैल होत नाही. ती योग्य जागी लागते.

जबलपुरात आपली बरीच मुले घरी मराठी, मैदानावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलतात. अशा मुलाचे गप्प राहणे म्हणजे कधी कधी शब्दांची जुळवाजुळव असते. प्रशिक्षकांनी उत्तरासाठी क्षणभर थांबावे. पालकांनी "आज काय चुकलास?" ऐवजी "आज कुठे अडलास?" असे विचारावे.

सराव : छात्रांनो, आठवडाभर स्वतःच्या एका सवयीसाठी हे तीन प्रश्न वहीत लिहा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्या; सवय मोडण्याची वाट तेथूनच सापडेल.