निराश मनुष्याची परतीची वाट

पाठ : लूक 24:13–35
सोबत वाचावे : लूक 13:1–5, प्रेषितांची कृत्ये 6:1–7



लूककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊस गावाकडे निघाल्याचे वर्णन आहे. वाट सुमारे साडेतीन कोसांची, म्हणजे महाड ते पोलादपूर या वाटेहून कमीच. परंतु त्यांचे पाय जड झाले होते. ज्याच्यावर त्यांनी सर्व आशा ठेविली, त्यास वधस्तंभावर मरताना लोकांनी पाहिले होते. ज्या बंधुमंडळीत ते राहिले, तिच्यातील एकाने प्रभूस धरून दिले, एकाने नाकारले आणि बहुतेक सारे पळून गेले. अशा मंडळीत राहून काय करावयाचे, असे त्यांस वाटले असल्यास नवल नाही.

ही वाट आपल्यापैकी पुष्कळांच्या ओळखीची आहे. यास्तव तीन ठिकाणच्या निराशेचा आपण विचार करू : घरादारातील, समाजातील आणि मंडळीतील.

1. घरादारातील निराशा

पोराने शिकून मुंबई गाठावी आणि पत्रसुद्धा पाठवू नये. एका पिकावर वर्ष काढावयाचे, तेच भात ऐन कापणीस पावसाने आडवे व्हावे. ही दुःखे आपल्या डोंगरातील प्रत्येक वाडीत आहेत. परंतु 22 जुलै 2021 रोजी जे घडले ते याहून फार मोठे होते. त्या दिवशी सावित्री व गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि कित्येकांचे देहही हाती लागले नाहीत. पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडी आल्या.

त्यानंतर मला एका भावाने विचारले, “पाळकसाहेब, त्या लोकांनी असे काय पाप केले होते?” या प्रश्नाचे उत्तर प्रभूने पूर्वीच दिले आहे. शिलोह येथील बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे त्याने स्वतःच विचारले आणि तसे नव्हे असे स्पष्ट सांगितले. मग मेलेल्यांचा हिशेब न करिता त्याने ऐकणाऱ्यांस स्वतःच्या जीविताकडे पाहावयास लाविले. म्हणून दुःखिताच्या दारी जाऊन कारणे सांगत बसू नये. अम्माऊसच्या वाटेवर प्रभूने तरी प्रथम काय केले? त्यास सर्व ठाऊक असूनही त्याने त्या दोघांस विचारले आणि त्यांचे सारे गाऱ्हाणे शेवटपर्यंत ऐकून घेतले.

2. समाजातील निराशा

आपल्या महाडातील चवदार तळे सर्वांस ठाऊक आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुले असावेत, असा ठराव 1923 साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला. 1924 साली महाडच्या नगरपालिकेनेही हे तळे खुले केले. कागदावर तळे खुले झाले, परंतु प्रत्यक्षात ओंजळ भरण्याची कोणाची छाती नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यामागून हजारो लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याच दिवशी परतणाऱ्यांवर हल्ला झाला. पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात पुन्हा हजारो लोक जमले, तोच न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. पाणी डोळ्यांसमोर असता लोकांस थांबावे लागले.

यापेक्षा मोठी निराशा कोणती? तथापि ते लोक थांबले, पण त्यांनी दावा सोडिला नाही. खटला चालत राहिला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. ओंजळभर पाण्याच्या हक्कासाठी जवळजवळ दहा वर्षे लागली.

ही चळवळ ख्रिस्ती मंडळीची नव्हती, आणि तिचे श्रेय आपण घेऊ नये. परंतु तिच्यापासून दोन गोष्टी शिकाव्या. पहिली ही की, धीर धरणे आणि हात टेकणे या भिन्न गोष्टी आहेत. न्याय्य गोष्टीसाठी धीर धरणारा मनुष्य स्वस्थ बसत नाही. दुसरी गोष्ट आपणांस बोचेल अशी आहे. प्रभुभोजनाचा प्याला आपण एकत्र घेतो, परंतु सोयरीक जुळविताना पूर्वीची जात विचारणारी घरे आपल्यांत नाहीत काय? जो समतेच्या आशेने आपल्याकडे आला, त्यास हा प्रश्न ऐकून काय वाटत असेल? समाजाविषयी निराश होण्यापूर्वी, आपल्यामुळे कोण निराश झाला हे पाहावे.

3. मंडळीतील निराशा

येथे मला स्वतःचा दोष सांगणे प्राप्त आहे. महापुरानंतर मी ज्या मंडळीची सेवा करीत होतो, तेथे तांदूळ, चादरी व भांडी मदत म्हणून आली. वाटपाची यादी पंचांनी व मी मिळून केली. घाईघाईत आम्ही उपासनेच्या हजेरीवरून नावे लिहिली. एक विधवा आजी, मुलाच्या आजारामुळे कित्येक महिने उपासनेस आली नव्हती. तिच्या घरात माळ्यापर्यंत पाणी चढले होते, तरी तिचे नाव राहून गेले. चूक माझ्या ध्यानात आली, तोवर सामान संपले होते. मग लाजेने मी तिच्या घरी जाण्याचे टाळले. असे सहा महिने गेले.

शेवटी गेलो, तेव्हा ती म्हणाली, “पाळकसाहेब, शेजारणीच्या घरून मला भाकरी आली, ती आपल्या धर्माची नव्हे. मंडळीकडून यादी आली, तीत माझे नाव नव्हते.” ती घटकाभर बोलत राहिली. सेमिनरीत शिकलेले एकही उत्तर माझ्या उपयोगी पडले नाही. मी ऐकून घेतले आणि क्षमा मागितली. पुढल्या रविवारी मंडळीसमोरही ती मागितली.

पहिल्या मंडळीतही हेच घडले होते. रोजच्या वाटणीत काही विधवांची उपेक्षा होते, अशी कुरकूर झाली. प्रेषितांनी ती कुरकूर दडपली नाही व विधवांस उपदेशही केला नाही. त्यांनी व्यवस्था बदलली आणि सात माणसे नेमिली. त्या सातांची नावे ग्रीक आहेत, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कारण तक्रार ग्रीक बोलणाऱ्यांचीच होती. आम्हीही पुढे नियम केला की, यादी हजेरीवरून न करिता घरोघर जाऊन करावी आणि ती करणाऱ्यांत दोन स्त्रिया असाव्यात.

आजी लगेच परत आली नाही. पुढल्या कापणीच्या सणाला पदराखाली थोडे तांदूळ घेऊन आली आणि शेवटच्या रांगेत बसली. आजही ती तेथेच बसते. तिने पुढे येऊन बसावे असा आग्रह मी करीत नाही.

मंडळीविषयी ज्यांस वाईट वाटले त्यांत थोर माणसेही होती. आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात करजगाव येथे जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला. पुष्कळ वर्षे मिशनची सेवा केल्यावर, आपली मंडळी परकीय वेष पांघरून बसली आहे आणि परक्यांच्या आधारावर उभी आहे, हे शल्य त्यांस सलू लागले. 1917 साली त्यांनी ती नोकरी सोडिली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा ख्रिस्तभक्तांसाठी ‘देवाचा दरबार’ आरंभिला. 1919 साली ते वारले. दरबार अपुरा राहिला आणि ‘ख्रिस्तायन’ हे काव्यही अपुरे राहिले. त्या काव्याचे पुढले पुष्कळ अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. टिळकांच्या बाप्तिस्म्यामुळे ज्यांचा संसार मोडला होता, त्याच या लक्ष्मीबाई. टिळकांनी मिशन सोडिले, ख्रिस्तास सोडिले नाही, आणि आपल्या बांधवांसही सोडिले नाही. त्यांची भजने आज आपल्या खेड्यांतील मंडळ्यांत गाइली जातात.

परतीची वाट

अम्माऊस येथे संध्याकाळी भाकर मोडताना त्या दोघांचे डोळे उघडले. मग त्यांनी काय केले? रात्र झाली म्हणून ते निजले नाहीत. त्याच घटकेस उठून ते यरुशलेमास परत गेले. कोणाकडे? ज्यांनी प्रभूस सोडून पळ काढिला होता, त्या अकरा जणांकडेच. ती माणसे तीच होती. परंतु या दोघांची आशा आता माणसांवर नव्हती, उठलेल्या प्रभूवर होती. म्हणूनच त्यांस माणसांचे उणेपण सोसवले.

तेव्हा जो निराश आहे त्याने आपले गाऱ्हाणे लपवू नये. प्रभूस सांगावे आणि वाटेवरच्या सोबत्यासही सांगावे. आणि ज्याच्यामुळे कोणी निराश झाला, त्याने त्या मनुष्याच्या परतण्याची वाट पाहत न बसता स्वतः त्याचे दार ठोठवावे. सहा महिने थांबू नये. मी थांबलो, आणि ते महिने मला परत मिळणार नाहीत.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

1. त्या दोन शिष्यांची आशा कशाविषयी होती, आणि प्रभूने तिच्यात कोणता बदल केला?
2. आपल्या मंडळीत मदत, मान आणि जबाबदारी यांची वाटणी कशी होते? कोणाचे नाव राहून जाते?
3. वर्षभरात जे उपासनेस येईनासे झाले, त्यांपैकी एकाचे नाव मनात आणा. या आठवड्यात त्याच्या घरी कोण जाईल?