एवढा पाऊस जातो कुठे?

मित्रांनो, भूगोलाच्या पुस्तकातला पावसाचा नकाशा काढा. आपला राजापूर तालुका त्यात भरपूर पावसाच्या पट्ट्यात दिसेल. वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस! सोलापूरकडे पडतो त्याच्या चौपट. मग चैत्र-वैशाखात आपल्या आयांना हंडे घेऊन झऱ्यावर नंबर का लावावा लागतो? हा प्रश्न सातवीच्या वर्गात निघाला. गुरुजी म्हणाले, "उत्तर पुस्तकात शोधू नका, सड्यावर चला."

सड्यावर गेलो. सगळा जांभा कातळ. माती वीतभर, तीही खळग्यांतून. आम्ही जांभ्याचा एक तुकडा शाळेत आणला, वाटीवर ठेवला आणि वरून तांब्याभर पाणी ओतले. थोडे बाजूने ओघळले, थोडे दगडाच्या भोकांतून खाली टपकले. दगडाने स्वतःजवळ फारसे काही ठेवले नाही. आपल्या गावचेही असेच आहे. कातळात मुरलेले पाणी खालच्या चिकणमातीच्या थराला अडते आणि उताराच्या पायथ्याशी झरे होऊन बाहेर पडते. हे झरे पौष-माघापर्यंत वाहतात, मग आटतात.

उरलेले पाणी पऱ्याने नदीला जाते आणि तेही धावत. पूर्वेला अणुस्कुऱ्याचा घाट, पश्चिमेला समुद्र, मध्ये अंतर सुमारे 50 किलोमीटर. घाटातून येणारी अर्जुना आणि कोदवली या नद्या राजापूर शहरात भेटतात. तिथपर्यंत खाडीची भरतीही चढते. वरून पूर आणि खालून भरती एकाच वेळी आली की पाण्याला वाट राहत नाही. ते जवाहर चौकात शिरते. 2021 च्या जुलैतही शिरले होते. आषाढात बाजारातले दुकानदार माल माळ्यावर चढवतात आणि वैशाखात आम्ही विहिरीत दोर वाढवतो. दोन्हीचे कारण एकच, उतार.

पाण्याबरोबर मातीही जाते. ती खाडीत बसते. एके काळी गलबते जैतापूरहून खाडीने थेट राजापूरच्या धक्क्याला लागत. म्हणून तर इंग्रजांनी इथे वखार घातली होती. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला तोफांची मदत केली आणि 1661 मध्ये शिवाजी महाराजांनी राजापूरवर येऊन त्याचा जाब घेतला. पुढे खाडी गाळाने उथळ झाली व बंदर मागे पडले.

उन्हाळ्याची गंगा मात्र वेगळीच! तिथली चौदा कुंडे कधी कधी ऐन उन्हात भरून वाहतात. जमिनीखालच्या पोकळ्यांत पाणी साठून ते वक्रनलिकेसारखे एकदम बाहेर येत असावे, असे काही अभ्यासक सांगतात. आमची आजी हे ऐकून नुसती हसली.

आपल्या वाडीने काय केले ते आता सांगतो. भातकापणी झाल्यावर नोव्हेंबरात पऱ्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती आणि घरटी एक माणूस, एवढेच साहित्य. मुंबईच्या चाकरमान्यांनी गोण्यांचे पैसे पाठवले. पहिला बंधारा मधोमध फुटला, कारण गोण्या एकावर एक सरळ रचल्या होत्या. मग एका गवंडीकाकांनी चिरे रचतात तशी सांधमोड करून दाखवली. तो टिकला. एरवी मार्चअखेर तळ दाखवणाऱ्या खालच्या विहिरीला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पाणी होते. वरच्या विहिरीला काही फरक पडला नाही, कारण ती बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, उंचावर आहे. तिचे काय करायचे ते अजून ठरायचे आहे.

आम्ही दर पौर्णिमेला दोन्ही विहिरींचा दोर मोजतो. तक्ता शेजारच्या खिळ्याला टांगला आहे. ज्या पालकांच्या आवारात विहीर आहे त्यांनी आपलेही माप कृपया तक्त्यात लिहून जावे. पेन्सिल दोरीला बांधली आहे.

— इयत्ता सातवी