फर्निचरवर संगमरवरी लादी बसविताना

लग्नसराईत ड्रेसिंग टेबल आणि ड्रॉवरच्या कपाटाला वरून संगमरवरी लादी हवी, असे सांगणारे ग्राहक भेटतात. काम देखणे होते, मजुरीही बरी सुटते. पण लादी तडकली तर नफ्याबरोबर कारागिराचे नावही जाते. म्हणून या कामातील मुख्य गोष्टी आपण समजून घेऊ.

पहिली गोष्ट वजनाची. 18 मि.मी. जाडीचा संगमरवर चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. म्हणजे 4 फूट बाय दीड फुटाची लादी 27 किलोची झाली. तेव्हा माथ्याला पातळ प्लाय चालणार नाही. 18 मि.मी. प्लाय घ्यावा आणि खाली सांगाड्यात आडव्या पट्ट्या द्याव्यात.

दुसरी गोष्ट सपाटीची. लाकूड थोडे वाकते, दगड वाकत नाही, तो तुटतो. सांगाडा तयार झाल्यावरच माप घेऊन लादी कापवावी. ती आधी कोरडीच ठेवून पाणसळीने तपासावी. कोपरा डुगडुगत असेल तर खाली पातळ पाचर द्यावी, लादी दाबून बसवू नये. उचलताना ती नेहमी उभी धरावी. आडवी नेल्यास स्वतःच्या वजनानेच मधून तडकू शकते.

तिसरी गोष्ट जोडाची. पावसाळ्यात सागवान फुगते, उन्हाळ्यात आकसते. दगड मात्र जागचा हलत नाही. म्हणून कडक चिकटणारा मसाला पूर्ण पृष्ठभागावर फासू नये. धूळ पुसून सुमारे 6 इंचांवर सिलिकॉनचे ठिपके द्यावेत. सिलिकॉन न्यूट्रल जातीचे घ्यावे. ज्याला सिरक्यासारखा आंबट वास येतो, ते संगमरवराला बाधते. लादी ठेवल्यावर किमान 24 तास हलवू नये.

आता ग्राहकाला काय सांगावे? ताजमहालला वापरलेला मकराण्याचा संगमरवर असला, तरी लिंबू व सिरक्याने त्याची चकाकी मरते. अत्तर, केसांचे तेल आणि मेंदी यांचे डाग आत मुरतात. जपणूक जमणार नसेल तर ग्रॅनाइट सुचवावे.

लादीत भेग असेल आणि ती भरून पॉलिश केली असेल, तर तेही दाखवून द्यावे. कापडाच्या धंद्यात आम्ही थानातला दोष गज मोजण्यापूर्वी दाखवितो. बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या प्रेषित मुहम्मद (स.) यांनी व्यापाऱ्याला ओला माल वर ठेवण्यास सांगितले होते. पॉलिशखाली झाकलेली भेग म्हणजे तीच ओल होय. दोष सांगून भाव थोडा कमी घ्यावा लागला तरी हरकत नाही. त्या कमाईत बरकत असते आणि तेच गिऱ्हाईक पुढच्या लग्नाला पुन्हा आपलेच दार ठोठावते.