दहा हजार मीटर ते मॅरेथॉन : एका दूर पल्ल्याची वाटचाल

नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या डोंगराळ परिसरात, सावरपाडा नावाची एक लहानशी आदिवासी वस्ती आहे. या वस्तीचे नाव देशभर पोहोचविले ते कविता राऊत या धावपटूने. नाशिक येथे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या कविता राऊत यांनी ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत चीनमधील ग्वांगझो येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्याच शर्यतीत त्यांनी ३१ मिनिटे ५१ सेकंदांत रौप्यपदक पटकाविले. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे बिरूद त्यांना लोकांनी दिले, ते उगाच नव्हे.

पुढे याच धावपटूने ट्रॅकवरून रस्त्यावरच्या पूर्ण मॅरेथॉनकडे मोर्चा वळविला. फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटी येथे झालेल्या दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत मॅरेथॉनचे सुवर्णपदक जिंकले आणि रिओ ऑलिंपिकची पात्रता मिळविली. त्यासाठीची मर्यादा २ तास ४५ मिनिटांची होती. मात्र त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिओ येथे त्यांना हेच अंतर कापण्यास २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले व १२० व्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. धावपटू तीच, अंतर तेच आणि मध्ये गेलेला काळ अवघा सहा महिन्यांचा. तरीही वेळेत सुमारे एकवीस मिनिटांचा फरक पडला. असा फरक पडू शकतो, हेच मॅरेथॉनचे वैशिष्ट्य होय. दूर पल्ल्याच्या तरुण धावपटूने या शर्यतीकडे केव्हा व कसे वळावे, याचा विचार म्हणूनच काळजीपूर्वक करावा लागतो.

अंतराबरोबर शर्यतही बदलते

मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर आहे. १०,००० मीटर धावणाऱ्यास ते चौपटीहून थोडे अधिक वाटते. परंतु केवळ गुणाकाराने या शर्यतीचा अंदाज येत नाही. ग्वांगझो येथे कविता राऊत यांनी प्रत्येक किलोमीटर सरासरी ३ मिनिटे ११ सेकंदांत कापला होता. गुवाहाटीच्या मॅरेथॉनमध्ये हीच सरासरी सुमारे ३ मिनिटे ४६ सेकंद, तर रिओ येथे सुमारे ४ मिनिटे १५ सेकंद होती. दर किलोमीटरला तीस सेकंद हा फरक वरकरणी लहान दिसतो. बेचाळीस किलोमीटरांत मात्र त्याचा डोंगर होतो.

याचे मुख्य कारण शरीरातील इंधनात आहे. आपण खातो त्या भात, भाकरी, नाचणी यांसारख्या अन्नातील पिष्टमय भागाचे रूपांतर होऊन तो ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात साठविला जातो. वेगाने धावताना शरीर प्रामुख्याने याच साठ्यावर अवलंबून असते. हा साठा साधारणपणे चारशे ते पाचशे ग्रॅम, म्हणजे सोळाशे ते दोन हजार उष्मांकांइतका असतो. धावताना वजनाच्या दर किलोमागे दर किलोमीटरला सुमारे एक उष्मांक खर्च होतो. पन्नास किलो वजनाच्या धावपटूस पूर्ण मॅरेथॉनसाठी एकवीसशेच्या आसपास उष्मांक लागतात. दहा किलोमीटरच्या शर्यतीत हा साठा संपण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मॅरेथॉनमध्ये मात्र तो तीस ते पस्तीस किलोमीटरच्या दरम्यान आटू लागतो. पाय जड होतात, वेग एकाएकी घटतो, मन खचते. पहिल्या दहा किलोमीटरांत उत्साहाच्या भरात केलेली घाई शेवटच्या दहा किलोमीटरांत व्याजासह वसूल होते, ती अशी.

त्यात उन्हाची भर पडली म्हणजे परीक्षा अधिकच कठीण होते. रिओची शर्यत सकाळी साडेनऊला सुरू झाली व ती उन्हात पार पडली. शरीर तापले की रक्ताचा काही भाग त्वचेकडे वळतो, घामावाटे पाणी व क्षार जातात आणि त्याच वेगासाठी हृदयाला अधिक श्रम पडतात.

वेगाचा पाया

मॅरेथॉन ही केवळ चिवटपणाची शर्यत आहे, असा एक समज आढळतो. जगातील श्रेष्ठ धावपटूंची वाटचाल वेगळेच सांगते. चेकोस्लोव्हाकियाचे एमिल झाटोपेक यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० व १०,००० मीटर शर्यती जिंकल्या आणि त्यानंतर आयुष्यातील पहिलीच मॅरेथॉन धावून तीही जिंकली. त्या वेळी ते एकोणतीस वर्षांचे होते. केनियाचे एलिउड किपचोगे २००३ मध्ये पॅरिस येथे अठराव्या वर्षी ५,००० मीटरचे विश्वविजेते झाले. त्यांनी पहिली मॅरेथॉन धावली ती २०१३ मध्ये, हॅम्बुर्ग येथे. दहा वर्षे ट्रॅकवर मिळविलेला वेग त्यांनी रस्त्यावर आणला आणि पुढे रिओ व टोकियो अशा दोन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळविले.

आपल्या देशातील उदाहरणही बोलके आहे. केरळचे गोपी थोनक्कल हे मूळचे १०,००० मीटरचे धावपटू. जानेवारी २०१६ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये ते सहकाऱ्याला वेग राखून देण्यासाठी उतरले होते. परंतु ते अखेरपर्यंत धावले, २ तास १६ मिनिटे १५ सेकंदांत भारतीयांत दुसरे आले आणि थेट रिओचे पात्र ठरले. हा योगायोग दिसत असला, तरी त्यामागे ट्रॅकवरील अनेक वर्षांची बैठक होती.

याला अपवादही आहेत. केनियाच्या सॅम्युएल वांजिरू यांनी २००८ मध्ये बीजिंग येथे एकविसाव्या वर्षी ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकली. परंतु तत्पूर्वी अर्धमॅरेथॉनचा विश्वविक्रम त्यांच्या नावावर जमा झालेला होता, हे विसरून चालणार नाही.

उलट दिशेचा प्रवासही महाराष्ट्राने पाहिला आहे. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१२, २०१३ व २०१४ अशी सलग तीन वर्षे मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळविला. तिथेच न थांबता त्या ३,००० मीटर स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळल्या. २०१४ मध्ये इंचॉन येथील आशियाई क्रीडास्पर्धेत कांस्य, २०१५ मध्ये आशियाई अजिंक्यपद आणि २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक, अशी मजल त्यांनी मारली. लांब पल्ल्यात यश मिळाले म्हणून तोच आपला अखेरचा पल्ला मानण्याचे कारण नाही, हा धडा यातून मिळतो.

तयारीची शिस्त

मॅरेथॉनकडे वळणाऱ्या धावपटूने प्रथम १०,००० मीटर व अर्धमॅरेथॉन या पायऱ्या चढाव्यात. आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढवावे. एका आठवड्यात दहा टक्क्यांहून अधिक वाढ करू नये, असा प्रशिक्षकांमध्ये रूढ संकेत आहे. दम व हृदय काही महिन्यांत तयार होतात. हाडे व स्नायुबंध यांना मात्र त्याहून अधिक काळ लागतो. ही गती न ओळखल्यामुळेच नडगीचे दुखणे व हाडांना सूक्ष्म तडे जाण्याचे प्रकार घडतात. आठवड्यातून एकदा लांब धाव घ्यावी व ती टप्प्याटप्प्याने तीस किलोमीटरच्या पुढे न्यावी. शर्यतीपूर्वीच्या दोन ते तीन आठवड्यांत सराव कमी करून शरीरास विसावा द्यावा.

धावताना पाणी पिणे हीदेखील सरावाने साधणारी गोष्ट आहे. मोठ्या शर्यतींत साधारण दर पाच किलोमीटरवर पाण्याची सोय असते. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी घेण्याची सवय सरावातच लावून घ्यावी. मुलींच्या बाबतीत रक्तातील लोहाचे प्रमाण वेळोवेळी तपासणे अगत्याचे आहे. लोह कमी असताना वाढविलेला सराव बळ देत नाही, थकवाच देतो. नाचणी, हिरव्या पालेभाज्या, कडधान्ये, गूळ-शेंगदाणे हा घरचा आहार या दृष्टीने उपयुक्त आहे.

बक्षिसाचा मोह

येथे एका नाजूक प्रश्नाकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हिवाळ्यात गावोगावी रस्त्यावरच्या शर्यती भरतात व त्यांतील रोख बक्षीस शेतमजुराच्या घरात एखाद्या हंगामाचा आधार ठरू शकते. त्यामुळे सोळा-सतरा वर्षांची होतकरू मुले दर रविवारी नव्या शर्यतीत उतरतात आणि जेवढे अंतर अधिक, तेवढे बक्षीस मोठे म्हणून अधिकाधिक लांब धावू लागतात. त्यांना दोष देणे योग्य होणार नाही. घरची निकड खरी असते. परंतु वाढीच्या वयात झालेली दुखापत पुढील दहा वर्षांची कमाई हिरावून घेऊ शकते. मुंबई मॅरेथॉनमध्ये पूर्ण अंतरासाठी अठरा वर्षांची अट आहे आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत वीस वर्षांखालील धावपटूस मॅरेथॉनमध्ये प्रवेश दिला जात नाही. या अटींमागे हाच विचार आहे. वयाचा दाखला बदलून त्या ओलांडणारा पालक आपल्याच पाल्याचे नुकसान करतो.

म्हणूनच गावातील शारीरिक शिक्षण शिक्षकाची जबाबदारी मोठी आहे. कोणत्या शर्यतीत उतरावे, याबरोबरच कोणती शर्यत सोडावी, हेही त्यानेच सांगावयाचे आहे. वर्षातून मोजक्या शर्यती, घरच्या अडचणीची जाण, गरजेनुसार शिष्यवृत्ती व क्रीडा प्रबोधिनीसारख्या मार्गांची वेळीच दिलेली माहिती, एवढ्यानेही एखाद्या मुलीची वाट सुकर होऊ शकते.

सह्याद्रीच्या पाड्यांवर आणि माणदेशाच्या माळांवर दमदार पाय कमी नाहीत. त्यांना पहिली काही वर्षे वेग, त्यानंतर पल्ला आणि अखेरीस मॅरेथॉन, असा क्रम लाभला, तर त्यांच्यातील अनेकांना शेवटचे दहा किलोमीटर ताठ मानेने धावता येतील.